तासाभराचे भाडेकरू

दिवाळी अंकासाठी 'जरा खुसखुशीत' लिहा, असे संपादकांचे पत्र आले आहे. पण गेले तीन महिने आमच्या घरात एकच विषय चालू होता, आणि तो म्हणजे आमचा संगणक. तेव्हा वाचकहो, चकलीऐवजी तोच तुमच्या पानात वाढतो. गोड मानून घ्या.

आमची धाकटी मुलगी इंग्लंडात लीड्स गावी असते. दर रविवारी रात्री साडेआठला, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातल्या चार वाजता, ती आम्हा उभयतांना पडद्यावर दर्शन देते. सौ.च्या डोळ्यांना मोबाइलच्या टीचभर काचेत लेक नीट दिसत नाही, म्हणून थोरल्याने टाकून दिलेला मोठा संगणक आम्ही बैठकीच्या खोलीत मांडला आहे.

जुलै २०२५ पासून या दर्शनात विघ्न येऊ लागले. बोलणे रंगात यावे, आणि मुलगी तोंड अर्धवट उघडे ठेवून जागच्या जागी गोठावी. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की सारे सुरळीत होई. पण तोवर दहा मिनिटे जात. मोबाइलवरून तिला गाठावे तर म्हणे, "राहू दे गं आई, विशेष काही नव्हतं. पुढच्या रविवारी बोलू."

आमच्याकडे बोलण्याची एक रीत आहे. बहुधा तुमच्याकडेही असेल. पहिला पाऊण तास हवापाणी, भाजीचे भाव, कोणाचे गुडघे, कोणाचे लग्न. मनातले बोलणे निघते ते दाराशी, पायांत चपला सरकवताना. लेक या बाबतीत आईवर गेली आहे, आणि आमचे यंत्र नेमके दाराशीच दगा देत होते. एकदा तर "बाबा, एक सांगायचं होतं" एवढे म्हणून ती गोठली. त्या रात्री सौ. कूस बदलत राहिली.

इंटरनेट कंपनीचा माणूस आला. चहा घेतला, पंधरा मिनिटे बसला आणि म्हणाला, "काका, मस्त चालतंय की!" चालतच होते. तासाने पडणारे दुखणे पाव तासात कसे दिसणार? थांब म्हणावे तर त्याची आणखी अकरा घरे व्हायची होती. शेजारच्या गृहस्थांनी केबल बदलायला सांगितली, बदलली. भाच्याने सांगितले की, वीज वाचवण्यासाठी संगणक आपले नेटवर्कचे कार्ड मधूनच झोपवतो, ती सवय मोडा. ती मोडली. दुखणे जागच्या जागी. कंपनीला मात्र मी फोनवर जे बोललो, ते या पानावर छापण्याजोगे नाही.

शेवटी माझा मूळ स्वभाव मदतीला आला. चौतीस वर्षे बँकेत खतावण्या जुळवलेला माणूस मी. एक वही घातली. चालू केले केव्हा, तुटले केव्हा. आठवड्याभरात आकडे बोलू लागले. ८-२५ ला चालू, ९-२५ ला तुटले. ८-१० ला चालू, ९-१० ला तुटले. म्हणजे लेकीसाठी यंत्र आधीपासून तयार ठेवण्याचा माझा वक्तशीरपणाच तिचे बोलणे पंधरा मिनिटे अलीकडे तोडत होता!

खालच्या मजल्यावर एक मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने वही पाहिली आणि म्हणाली, "काका, हा बिघाड नाही, हा भाडेकरार आहे."

भाडेकरार म्हटल्यावर मी सावरून बसलो. आमची हयात चाळीत गेली. तिने सांगितले ते असे. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठी राखलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक चाळीत सात नंबरची खोली असावी, तसे ते घरोघरी तेच असतात. हे पत्ते मालकीचे नसतात. भिंतीवरची ती दिवे लुकलुकणारी पेटी, म्हणजे राउटर, ते मुदतीवर भाड्याने देते. आमच्या पेटीची मुदत एका तासाची. निम्मी मुदत सरली की संगणक मालकाकडे गुपचूप अर्ज करतो, मुदत वाढवून द्या. उत्तर नाही आले तर सात-अष्टमांश मुदतीला, म्हणजे आमच्या हिशेबाने साडेबावन्नाव्या मिनिटाला, तो चाळीच्या चौकात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडतो. तरीही कोणी बोलले नाही तर तास भरताच बिऱ्हाड सोडतो आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच लावून बसतो. तिथे ना शेजार, ना टपाल. इतका प्रामाणिक भाडेकरू मी आमच्या चाळीत पाहिला नाही.

"मग मालक उत्तर का देत नाही?"

"देतो हो. तुमचा वॉचमन आत सोडत नाही."

हा वॉचमन मीच ठेवला होता. जुलैत वर्तमानपत्रात ऑनलाइन फसवणुकीची बातमी वाचून घाबरलो, आणि पैसे मोजून संगणकात एक रखवालदार प्रोग्रॅम बसवून घेतला. गडी उठायचा उशिरा. यंत्र सुरू होताना पहिला करार त्याच्या झोपेतच उरकून जाई. पुढे मालकाचे मुदतवाढीचे पत्र आले की हा 'अनोळखी इसम' म्हणून ते दारातूनच परत पाठवी. मुलीने काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग /ऑल' अशी आज्ञा लिहून करार सुरू झाल्याची आणि संपण्याची वेळ दाखवली. मग त्या गड्याला रजा देऊन ती अर्धा तास बसून राहिली. अर्ध्या तासाने पाहिले तर मुदत आपोआप पुढे सरकलेली. संगणकात जन्मजात एक रखवालदार असतोच म्हणे; तो मालकाला ओळखतो. माझा विकतचा मी कायमचा घरी पाठवला. पैसे गेले ते गेले. कंपनीला फोन करून माफी मागितली. त्यांना मी कोण ते आठवेना.

पुढच्या रविवारी सव्वानऊपासून माझे डोळे घड्याळाकडे. लेक कोथिंबिरीच्या जुडीचा भाव सांगत होती. ९-२५ झाले. ९-३० झाले. चित्र हलत होते. पावणेदहाच्या सुमारास कोथिंबीर संपली आणि ती गप्प झाली.

"बाबा, जुलैमध्येच माझी नोकरी गेली. किती रविवार सांगेन म्हणतेय."

मला काही सुचेना. सौ. खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक टेकेल इतकी जवळ बसली आणि म्हणाली, "जेवतेस ना गं नीट?" मग ती रडली. मग दोघी रडल्या. मग पैसे किती उरलेत, घरभाडे किती महिन्यांचे भरले आहे, मुलाखती कुठे कुठे दिल्या, परत यायचे तर केव्हा, असे एकेक निघत गेले. हिशेब म्हटल्यावर मलाही वाचा फुटली.

रात्री वहीत नोंद केली : चालू ८-२५, बंद ११-४०. आम्हीच केले.