वर्धा-प्राणहितेतील चढणीचे मासे आणि मासेमारीचे परवाने यांबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्रिमहोदय, मत्स्यव्यवसाय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

गिरड (ता. समुद्रपूर, जि. वर्धा) आणि आसपासच्या गावांतील ढिवर व भोई मच्छीमार हे निवेदन पुन्हा एकदा सादर करीत आहेत. ‘पुन्हा एकदा’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत. आधीच्या निवेदनांच्या पोचपावत्या त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत. लेखी उत्तर एकाचेही आलेले नाही. तोंडी आश्वासने पुष्कळ मिळाली. ती पावसाळा तोंडावर आला की मिळतात आणि पूर ओसरला की कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

गिरड राज्याच्या सीमेवर नाही, मग सीमेवरच्या नदीची उठाठेव तुम्हाला कशाला, असे या मंडळींना ऐकवले गेले आहे. समुद्रपूर तालुक्यातले पाणी शेवटी वर्धेलाच मिळते. वर्धा पुढे पैनगंगेला पोटात घेऊन चंद्रपूर जिल्हा आणि तेलंगण यांच्या मधून वाहते, वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत उतरेपर्यंत सीमेवरूनच जाते. पोथरा आणि लाल नाला या प्रकल्पांतले पाणी उन्हाळ्यात खाली गेले की इकडची काही कुटुंबे जाळी बांधून खालच्या डोहांवर सोयऱ्यांकडे जातात. मासा खालून वर येतो, माणूस वरून खाली जातो. दोघांचीही अडवणूक एकाच नदीत होते.

मुख्य गाऱ्हाणे चढणीच्या माशांचे आहे. मृग-आर्द्राच्या पावसाने नाले वाहू लागले की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. रोहू, कटला, मृगळ धरणाच्या साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते, गढूळ पाणी लागते. म्हणूनच तर जलाशयांत दरसाल बोटुकली आणून सोडावी लागते. नदीत हे काम मासा फुकट करतो, त्याला फक्त वाट हवी. ती बंधाऱ्याच्या भिंतीशी संपते. तिथे मासे उड्या मारत राहतात, आणि तिथेच रात्री खांबावर आकडा टाकून पाण्यात करंट सोडला जातो. मोठा मासा उलटा होतो, त्याबरोबर पिले, झिंगे, खेकडे, बेडूक सगळेच मरते. कुठे डोहात ब्लीचिंग पावडर ओतली जाते; तेच पाणी खाली गुरे पितात. उरलेसुरले मच्छरदाणीच्या कापडात गाळून नेले जाते. हे करणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पोट मासेमारीवर नाही. ज्यांचे आहे, ते ढिवर त्या दिवसांत जाळे आवरतात, कारण आज पोटुशी मासळी मारली तर दिवाळीनंतर डोहात काय सापडणार, हे त्यांना सांगावे लागत नाही.

विष, सुरुंग आणि करंट यांबद्दल कायदा काय म्हणतो, हे मंत्रालयाला कळवण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच की पहिल्या पुराच्या रात्री बंधाऱ्यावर कोण असते? फिरते पथक नेमू, असा शब्द मिळाला होता. पथक आले तेव्हा चढण संपून गेली होती. आले ते डोंगेवाल्यांचे कागद पाहून परतले. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा तोच शब्द मिळाला. त्या वर्षी पथकही आले नाही. १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन साजरा होतो. १९५७ साली याच तारखेला डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशांच्या प्रेरित प्रजननाचा प्रयोग यशस्वी केला होता. हारतुरे, भाषणे जरूर व्हावीत. मात्र तारीख ऐन चढणीच्या दिवसांतली आहे, तेव्हा कार्यक्रम आटोपल्यावर एखादी गाडी बंधाऱ्यापर्यंत गेली तर निवेदनकर्ते आभारी राहतील.

आता परवान्याविषयी. जलाशयाचा ठेका संस्थेला असतो, त्यामुळे सभासदाला निदान एक ओळख असते. नदीत जाळे टाकणाऱ्याच्या खिशात काय असते? एका काठावर महाराष्ट्र, दुसऱ्यावर तेलंगण. इकडे चपराळा अभयारण्य, तिकडे प्राणहिता अभयारण्य. आणि पात्राच्या मधोमध वाहत जाणाऱ्या डोंग्याला ना इकडचा आधार, ना तिकडचा. पलीकडचे बेस्ता आणि अलीकडचे ढिवर पिढ्यान्‌पिढ्या एकाच डोहात जाळी टाकत आले आहेत, भांडत आणि मिटवतही आले आहेत. त्यांच्यातला तंटा मिटतो. कागदाचा मिटत नाही. ओळखपत्रांसाठी शिबिर घेऊ, हे दुसरे आश्वासन; ते शिबिर अजून व्हायचे आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्याचे स्वागतच आहे. पण शेतकऱ्याकडे सातबारा असतो. नदीच्या मच्छीमाराचा सातबारा कोणता, ते कोणीतरी सांगावे.

दोन राज्यांच्या नदीत हे जमणार नाही, असे म्हणता येत नाही. अमेरिकेत कोलंबिया नदी वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांच्या सीमेवरून वाहते. तिथल्या सॅमन माशांसाठी दोन्ही राज्यांनी १९१८ पासून करार पाळला आहे; मासेमारीचा हंगाम दोघे मिळून ठरवतात आणि हौशी गळवाल्याला सीमेच्या पात्रात कोणत्याही एका राज्याचा परवाना पुरतो. १९३८ च्या बॉनविल धरणात सॅमनला वर चढण्यासाठी पायऱ्यांची वाट आहे. तेवढे लांब जायचे नसेल, तर २३ ऑगस्ट २०१६ आठवावा. त्या दिवशी महाराष्ट्र आणि तेलंगण यांनी मुंबईत मेडीगड्डा, तुम्मिडीहट्टी आणि चनाखा-कोराटा या बंधाऱ्यांच्या करारावर सह्या केल्या. पाण्याची पातळी मीटरमध्ये ठरवता येते, तर चढणीचे दिवस तारखेने ठरवता येतील. खालच्या गोदावरीतून प्राणहितेत शिरणारा मासा मेडीगड्ड्यावरूनच वर येतो. त्या बंधाऱ्याचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले. दुरुस्तीच्या वेळी माशाची वाट ठेवावी, असा आग्रह महाराष्ट्राने धरावा.

घरचे उदाहरणही आहे. भंडारा-गोंदियातल्या ढिवरांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने जुन्या तलावांत पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत आणले. तिथल्या जाणत्यांना या भागात बोलवावे. खर्च फारसा नाही.

म्हणून मागणी अशी, की मृगापासून नाले उतरेपर्यंत बंधाऱ्यांवर रात्रीची गस्त असावी आणि तीत स्थानिक ढिवर असावेत. नदीतील मच्छीमारांना नावानिशी परवाना मिळावा आणि तो सीमेच्या पात्रात दोन्हीकडे चालावा. तेलंगणाशी चढणीच्या बंदीची एकच तारीख ठरवावी. याशिवाय नव्या बंधाऱ्यांत माशांसाठी वाट ठेवावी, बंदी घातलेल्या थाई मागूरचे बीज कुठेही सोडले जाऊ नये, डोंगा व जाळ्यासाठी अनुदान आणि विमा मिळावा, घाटापर्यंत रस्ता व्हावा.

मागच्या खेपेला ‘मुंबईला बैठक लावू’ असे सांगितले गेले. ती बैठक आता गिरडला, मृगाआधी लावावी. तारीख लेखी कळवावी; तोंडी कळवलेली धरली जाणार नाही. मृग लागेपर्यंत पत्र आले नाही, तर निवेदनकर्ते जाळी-डोंग्यांसह जिल्ह्याच्या ठिकाणी धरणे धरतील, याची नोंद घ्यावी.

आपले नम्र,
गिरड व परिसरातील मच्छीमार
(सह्या व अंगठे सोबत जोडले आहेत, मागील पोचपावत्यांच्या प्रती यावेळीही)