फावडे कोणाच्या हातात जाणार?

मृग लागायच्या आत फावडे, टिकाव, घमेल्यांची खरेदी सुरू होते. नाली मोकळी करायची असते, अंगणातला मुरूम पसरायचा असतो, उकिरडा शेतात न्यायचा असतो. माणूस दुकानात जातो, सगळ्यांत रुंद, जाड फावडे उचलतो आणि पैसे देऊन येतो. मला ही खरेदी पटत नाही. फावडे कशात घालायचे आणि ते कोण चालवणार, हे घरून ठरवूनच निघावे.

यातल्या पहिल्या प्रश्नाला आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर एक उत्तर आहे, घाटाखाली दुसरे. चिखली-मेहकरकडच्या मुरमाड, दगडगोट्यांच्या जागेत आधी टिकावाने उकरावे लागते, मग फावड्याने ओढायचे. तिथे पाते जाडच हवे, पातळ पात्याची धार दगडावर मुडपते. मलकापूर, नांदुरा, शेगावकडे पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळून कडक होते आणि पाऊस पडला की पात्याला धरून बसते. रुंद पात्यावरून ती सुटत नाही, मग प्रत्येक ओढीला जुनी माती पुन्हा उचलायची. अरुंद, पातळ, वापरून गुळगुळीत झालेले पाते इथे कामाचे. कुटार भरायला मात्र मोठ्यात मोठे टोपले घ्या, त्याला वजन ते किती!

शंभरावर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बेथलेहेम पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर या अभियंत्याने हाच हिशेब मांडला. एका उचलीला साधारण २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो भार असला की दिवसाचे काम सर्वाधिक होते, असे त्याला दिसले. मग जड खनिजाला लहान फावडे आणि हलक्या कोळशाला मोठे, अशी वाटणी त्याने केली. तो आकडा आपल्या घरी लावू नये. तिथले फावडे पुढे ढकलायचे, मजूर धट्टेकट्टे. आपले फावडे वाकून स्वतःकडे ओढायचे असते. रीत मात्र घेण्यासारखी आहे.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. श्रमदानातून जलसंधारण करणाऱ्या गावांच्या २०१८च्या वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने राज्यात विभागून दुसरा क्रमांक मिळवला. अशा श्रमदानात बायाही राबतात आणि घरचे शेण, राख, उकिरडा तर बहुतेक त्यांच्याच वाट्याला असतो. अवजार आणतो मात्र पुरुष, स्वतःच्या उंचीचे आणि स्वतःच्या ताकदीचे. आखूड दांड्याने कंबर जाते, जड पात्याने खांदा.

यावर उपाय साधा आहे. फावड्याचे पाते आणि दांडा वेगवेगळे मिळतात. जिला काम करायचे तिलाच दुकानात न्या, दांडा तिच्या हातात द्या आणि ती कामाला उभी राहते तशी तिला उभी राहू द्या. बाभळीचा किंवा तिवसाचा, सरळ रेषांचा, पूर्ण वाळलेला दांडा बघा. ओला दांडा पुढे आकसतो आणि पाते डुगडुगू लागते. पाचर घट्ट ठोकून घ्या. धार गेली की फावडे टाकू नका, लोहाराकडून पाजवून आणा.

घमेले मात्र एक मोठे घेण्याऐवजी दोन लहान घ्या. ओल्या गाळाने भरलेले मोठे घमेले डोक्यावर चढवायला दुसरे माणूस लागते आणि भर दुपारी बहुतेक घरांत ते नसते.