आठव्या दिवसाचा प्रश्न

वरळीच्या रस्त्यांवर भल्या पहाटे दोन तऱ्हेचे सायकलस्वार दिसतात. एक, समुद्रकिनाऱ्यालगत व्यायामासाठी निघालेले सुखवस्तू गृहस्थ. दुसरे, नाक्याकडून चाळीचाळींत पाव, दूध आणि वर्तमानपत्रे पोचवीत फिरणारे कष्टकरी. एकाच्या सायकलीची किंमत दुसऱ्याच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतकी असेल. पण मागून भरधाव येणाऱ्या मोटारीपुढे दोघेही सारखेच निराधार असतात. दोघांच्याही मागे घर आहे, आणि त्या घरात ‘बाबा अजून कसे आले नाहीत?’ असे विचारणारे कोणी तरी आहे. या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयातून दूरध्वनीने येते, तेथपासून त्या घरावर काय गुदरते याचा विचार या नगराने आजवर पुरता केलेला नाही. तो व्हावा म्हणून आज आम्ही हा विषय येथे घेतला आहे.

वरळीला अपघात नवे नाहीत. १९ मार्च २०२३ रोजी सकाळी समुद्रकिनारी धावण्याच्या व्यायामास निघालेल्या एका महिलेचा मोटारीने बळी घेतला. ७ जुलै २०२४ रोजी पहाटे ॲनी बेझंट मार्गावर स्कूटरवरून जाणाऱ्या कोळी दांपत्याला मोटारीने उडवले. पत्नी गेली, पती जखमी होऊन मागे राहिला. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीस नेरुळला पाम बीच मार्गावर पहाटे सायकल चालवीत असलेले अवतार सैनी मागून आलेल्या मोटारीच्या धडकेने मरण पावले. इंटेल कंपनीच्या भारतातील कारभाराचे ते माजी प्रमुख होते, आणि त्यांचे वय ६८ वर्षांचे होते. या घटनांनी नगर हळहळले, आणि ते योग्यच झाले. परंतु मृत्यूची बातमी होते. जो वाचतो त्याची बातमी दुसऱ्या दिवशी संपते. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असे सरकारी आकडे सांगतात. मृतांचा आकडा भाषणांतून निदान उच्चारला तरी जातो. जखमींचे पुढे काय झाले, किती जण कामावर परतले, किती घरे कर्जात बुडाली, याची विचारपूस कोणी करीत नाही.

पहिल्या तासाच्या बाबतीत कायदा हळूहळू का होईना, जागा झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. एका जखमी स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने ‘पोलीस प्रकरण आहे’ म्हणून वीस किलोमीटर दूर पाठवले आणि तो वाटेतच मेला. त्या प्रकरणावरून १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून कागदपत्रे त्यानंतरची आहेत. जखमीस मदत करणाऱ्यास पोलिसांनी व रुग्णालयांनी छळू नये, या मार्गदर्शक सूचनांवर त्याच न्यायालयाने २०१६ साली शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे स्वतंत्र कलमच आले. शेवटी, न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कान उपटल्यावर, त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने रोख रकमेवाचून उपचारांची योजना जाहीर केली. मोटार वाहनामुळे जखमी झालेल्या कोणासही नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळावेत, अशी ही तरतूद आहे. तिचे आम्ही स्वागत करतो. मात्र ज्याच्यासाठी ती आहे त्याला तिची वार्ताही नसेल, तर कागदावरची तरतूद काय कामाची? वरळी नाक्यावरच्या किती माणसांना ती ठाऊक आहे, हे सरकारने एकदा विचारून पाहावे.

आता आठव्या दिवसाकडे वळू. मांडीचे हाड मोडले तर ते सांधण्यास महिने लागतात. खुब्याला मार बसलेल्या वयस्क माणसाला अंथरुणात दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. डोक्याला मार बसला असेल, तर माणूस घरी आल्यानंतरही तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतो, लहानसहान कारणावरून चिडतो, नाव आठवत नाही म्हणून रडतो. आणि मुलांना वाटते की, बाबांचा स्वभाव बदलला. तो स्वभाव नव्हे, ती दुखापत आहे, हे त्यांना समजावून सांगण्यास कोणी नसते. मोडलेले हाड जुळल्यावर आखडलेले सांधे मोकळे करण्यासाठी व्यायामोपचार हवा, तो आठवड्यातून अनेकदा हवा, आणि तेथवर जाण्यासाठी टॅक्सीचे भाडे हवे. सात दिवसांच्या योजनेत यांतले काही बसत नाही. सायकल खड्ड्यात जाऊन माणूस आपोआप पडला असेल, तर मोटारीचा संबंध नसल्याने ते सात दिवसही त्याच्या वाट्याला येत नाहीत. खड्ड्यांमुळे जखमी झालेल्यांना पन्नास हजार ते अडीच लाख रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२५ मध्ये द्यावा लागला, यावरूनच स्थानिक कारभाऱ्यांच्या कर्तव्यबुद्धीची कल्पना यावी.

येथे एक जुनी आठवण सांगणे आम्हांस भाग आहे. वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही गिरणगावातील एका शाळेत शिकवीत असू. आठवीच्या वर्गातील एका मुलाचे वडील गिरणी बंद पडल्यावर सायकलवरून पाव विकू लागले होते. एका पहाटे टेम्पोची धडक बसून त्यांचा पाय आणि कंबर मोडली. आई दिवसा लोकांकडे धुणीभांडी करी. म्हणून बापाजवळ दिवसा मुलगा थांबे. त्याला औषधांच्या चिठ्ठ्या वाचता येत, हीच त्याची पात्रता. पुढे बाप घरी आला, तरी भांडे देणे, उचलून बसवणे, जिना उतरवणे हे मुलाकडेच राहिले. आणि शाळेत? हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा आमच्याच हाताने पडत होत्या. तीन महिन्यांनी त्याचे नाव कमी झाले, तेव्हा नियमाप्रमाणे सही आम्हीच केली. बाप काठी घेऊन चालू लागला. मुलगा शाळेत परतला नाही. तो अपघात त्या दोघांना मिळून झाला होता, हे शिक्षक असूनही आम्हांला तेव्हा उमगले नाही. आज ते कबूल करण्यावाचून गत्यंतर नाही.

साधने आपल्यापाशी नाहीत असे म्हणता येणार नाही. परळचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ पासून या नगराचा आधार आहे. वरळीपासून हाकेच्या अंतरावर हाजी अलीला १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय शारीरिक औषधी व पुनर्वसन संस्था आहे. अपंगत्व आलेल्या माणसाला पुन्हा उभे करणे हेच तिचे कार्य. पण शस्त्रक्रियेचा कक्ष आणि पुनर्वसनाचा कक्ष यांमधील वाट रुग्णाने स्वतःच शोधायची असते. ‘घरी जा, व्यायाम करा’ एवढे शब्द चिठ्ठीवर मिळतात. कोठे, कोणाकडे आणि कशाच्या बळावर, हे त्या चिठ्ठीत नसते.

याच समाजात दुसरा न्यायही नांदतो. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगार कामावर जाता-येता जखमी झाला, तर २०१० च्या दुरुस्तीपासून ती कामावरची दुखापत समजली जाते. बरा होईपर्यंत त्याला वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि त्याची चूल पेटत राहते. पाववाल्याला मालक नाही, म्हणून विमा नाही. त्याने न्यायाधिकरणाकडे दावा करावा, असे सांगितले जाते. दावा करावाच; पण निकालास वर्षे लागतात, आणि घरभाडे दर महिन्याला येते. धडक देऊन मोटार पळून गेली आणि ती सापडली नाही, तर गंभीर दुखापतीबद्दल ठरलेली रक्कम पन्नास हजार रुपये आहे. दोन महिने अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या घरी ही रक्कम किती दिवस पुरेल, याचा हिशेब करण्यास अर्थशास्त्री नको.

आमच्या मागण्या अवास्तव नाहीत. एक, सात दिवसांची मर्यादा गंभीर जखमींपुरती वाढवून तीत पुनर्वसनाचे उपचार आणि तेथवर जाण्यायेण्याचा खर्च घ्यावा. दोन, प्रत्येक मोठ्या रुग्णालयात समाजसेवा कक्षाकडे असे काम सोपवावे की, अपघातग्रस्त घरी जाण्यापूर्वी त्याच्या हातात पुढील उपचारांची तारीख, ठिकाण आणि दाव्याची कागदपत्रे असलीच पाहिजेत. तीन, असंघटित कष्टकऱ्यांना उपचाराच्या काळात निर्वाहभत्ता मिळावा. चार, नियुक्त रुग्णालयांची यादी आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक पोलीस चौक्या, बसथांबे आणि दुधाच्या केंद्रांवर मराठीत लावावा. पाच, ज्या मुलाच्या घरी असा प्रसंग ओढवला असेल, त्याची गैरहजेरी शाळांनी वेगळ्या नजरेने पाहावी. पाचव्या मागणीला सरकारी तिजोरीतील एक पैसाही लागत नाही.

आणि मूळ रोगाचे काय? सागरी सेतूवर सायकलीला मज्जाव, सागरी किनारा मार्गावरही मज्जाव. वेगवान वाहनांच्या मार्गावर सायकल नको, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. मग जेथे ती चालायची त्या ॲनी बेझंट मार्गावर आणि नाक्याच्या आसपास तिच्यासाठी हातभर तरी सुरक्षित जागा हवी की नको? मोटारींसाठी समुद्र मागे हटवणाऱ्या नगराला सायकलीसाठी रस्त्याची कड मोकळी ठेवता येत नाही, हे आम्हांला पटत नाही. सायकलस्वारांनीही हेल्मेट आणि मागचा दिवा ही चैन समजू नये. परंतु त्यांच्या हेल्मेटने मोटारचालकाची जबाबदारी कमी होत नाही, आणि खड्डा बुजवणाऱ्याची तर मुळीच नाही.

उद्या पहाटे पुन्हा पाव येईल, दूध येईल, आणि हे वर्तमानपत्रही बहुधा सायकलवरूनच आपल्या दारी येईल. ते आणणारा माणूस कोणाचा तरी बाप आहे. तो पडला, तर त्याला उचलणे हे रस्त्यावरच्या माणसाचे काम आहे. पण त्याला पुन्हा चालता करणे हे साऱ्या नगराचे काम आहे, आणि ते सात दिवसांत संपत नाही.