क्लच हलका, गाडी तीच

मागच्या महिन्यात कॉलेजच्या पार्किंगमध्ये एका मुलाने माझ्या बुलेटचा क्लच दाबून बघितला. दोनदा दाबला. मग मित्रांकडे वळून म्हणाला, “मर्दाची गाडी होती रे, हिने स्कूटी करून ठेवली की!” सगळे हसले. मीही हसले, कारण लेक्चरची घंटा झाली होती आणि उत्तर लांबलचक होतं. ते आता इथे लिहिते. वाङ्मय मंडळाच्या अंकात क्लचप्लेटांवर लेख कशाला, असं संपादकांनी विचारलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.

आधी त्या मुलाच्या गाडीविषयी. तिला नवा सायलेन्सर आहे. ती गेटातून आत आली की लायब्ररीतल्या सगळ्यांना कळतं. अशा सायलेन्सरांवरून पोलीस रोडरोलर फिरवतात, ते फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत. पण कायदा बाजूला ठेवू. माझा प्रश्न साधा आहे. त्या सायलेन्सरने गाडी चालवण्यात काय फरक पडला? वळण घेताना, गेटवर थांबताना, घाटात गिअर पाडताना? काहीच नाही. ऐकणाऱ्यांना फरक पडला, चालवणाऱ्याला नाही. आणि माझं मत असं आहे की गाडीवर खर्चायला हातात पैसे आले तर ब्रेक आणि टायर धड आहेत ना ते बघावं, आणि मग पहिला खर्च क्लचवर करावा.

आमची गाडी 2012 ची क्लासिक 350. पप्पा उद्यमबागेत टर्नर आहेत. दिवसभर लेथवर काम, आणि जाणं-येणं या गाडीवर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या हाताचं बोट सकाळी वाकलेलंच अडकायला लागलं. दुसऱ्या हाताने सरळ केलं की ‘टक्’ असा आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले, मूठ आवळायचं काम कमी करा. लेथ सोडणं शक्य नव्हतं, मग गाडी सोडली. शेजारच्या काकांच्या स्कूटरवर मागे बसून जायला लागले, आणि बुलेट दीड वर्ष जिन्याखाली कव्हर घालून उभी राहिली. मी चालवू का विचारलं तर म्हणाले, “तुझ्या हाताला झेपणार नाही ती.” खोटं नव्हतं ते. दुसऱ्या रेल्वे गेटवर संध्याकाळी एकदा गेट पडलं की पुढची दहा मिनिटं काय होतं ते टिळकवाडीतून येणाऱ्यांना सांगायला नको. पाच फूट पुढे, थांब, परत पाच फूट. प्रत्येक वेळी क्लच. मी पहिल्यांदा नेली तेव्हा गेट ओलांडेपर्यंत माझा पंजा थरथरत होता आणि गाडी तीनदा बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने कानडीत मला जे सांगितलं ते या अंकात छापता येणार नाही.

क्लच जड का असतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. इंजिन सतत फिरत असतं, चाकाला मात्र थांबावं लागतं. दोघांना जोडायला आणि सोडवायला मध्ये गोल प्लेटांची चळत असते, एक घर्षणाची, एक पोलादी, परत एक घर्षणाची. बहुतेक मोटरसायकलींत ही चळत इंजिन ऑइलमध्ये बुडालेली असते. स्प्रिंगा तिला करकचून दाबून ठेवतात, म्हणून इंजिनाचा जोर न घसरता चाकापर्यंत जातो. आपण लिव्हर ओढतो म्हणजे चार बोटांनी त्या स्प्रिंगांशी भांडतो. स्प्रिंग कडक तेवढी पकड पक्की, आणि हात तेवढा दुखतो.

मग स्प्रिंग मऊ घातली तर? हाच शहाणपणा मी केला. स्पेअर पार्टच्या एका दुकानात ‘सॉफ्ट स्प्रिंग’चा सेट दाखवला, मी घेतला, आणि आमच्या नेहमीच्या मेस्त्रीमामांना न विचारता दुसरीकडे बसवून घेतला. लिव्हर लोण्यासारखी झाली. आठ दिवस मी हवेत होते. नवव्या दिवशी आईला मागे बसवून चोर्ल्यामार्गे गोव्याला आत्याकडे गेले. जाताना जांबोटी, कणकुंबी आणि मग सगळा उतार, त्यामुळे काही कळलं नाही. येताना केरीपासून चढ लागला. मागे आई, मांडीवर काजूची आणि सुक्या मासळीची पिशवी. तिसऱ्या वळणानंतर मी ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिन ओरडलं आणि गाडी होती त्याच वेगाने रांगत राहिली. काहीतरी करपल्याचा वास. मागे ट्रक. आई देवाचं नाव घ्यायला लागली आणि मी मनातल्या मनात दुकानदाराचं. प्लेटा एकमेकींवर घसरत होत्या. मऊ स्प्रिंगांना दोन माणसं आणि चढ पेलत नव्हता. कडेला थांबत, गार करत, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर कशाबशा वर आलो. दुसऱ्या दिवशी मामांनी उघडून काळ्या पडलेल्या प्लेटा माझ्या हातात दिल्या. “वजनकाट्याचा काटा मागे ओढून ठेवलास पोरी,” म्हणाले. “पोतं तेवढंच होतं.”

तेव्हा हलका क्लच म्हणजे मऊ स्प्रिंग, हे डोक्यातून काढून टाका. स्वस्त आहे म्हणून मुद्दाम सांगते.

मामांनी मग जे केलं त्यात चमत्कार काहीच नव्हता. कंपनीच्या मापाच्या नव्या प्लेटा आणि स्प्रिंगा. नवी केबल, कारण जुनीच्या आत तार झिजून तिचे केस निघाले होते आणि अर्धा जोर त्या घासण्यातच जात होता. ती केबल काढून हातात धरून ओढली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जड क्लच म्हणून आपण ज्याला शिव्या देतो तो पुष्कळदा नुसता गंजका क्लच असतो. आणि शेवटी, इंजिनाकडे केबल ज्या छोट्या दांडीला अडकते, ती थोडी लांब मिळते, ती बसवली.

दांडीचं गणित पप्पांनी पेन्सिलीने वर्तमानपत्रावर काढून दाखवलं. दांडी पाव हिश्शाने लांब केली तर लागणारा जोर पाचव्या हिश्शाने कमी होतो. पण प्लेटा तेवढ्याच उघडायला केबल पाव हिश्शाने जास्त ओढावी लागते. हँडलवरची लिव्हर काही वाढत नाही. म्हणजे ढील जराही जास्त राहिली तर प्लेटा पुऱ्या सुटत नाहीत, न्यूट्रल सापडत नाही, आणि सिग्नलला क्लच दाबून धरला तरी गाडी पुढे पुढे सरकते. “फुकट काही मिळत नाही,” पप्पा म्हणाले, आणि म्हणाले की लिव्हरला दोन-तीन मिलिमीटरची ढील राहते का ते आठवड्याला बघ. मी बघते. जोर वाचला त्याची ती किंमत आहे आणि मला ती परवडते.

चालवण्यात काय बदललं? वेग नाही. पिकअपही तोच. बदललं ते असं की क्लच जिथे धरायला लागतो ती जागा आता बोटांना सापडते. आधी ती कागदाएवढी होती, आता लिव्हरच्या वाटेत ती पसरून मोठी झालीय, त्यामुळे गाडी इंच-इंच पुढे नेता येते. गेटवरच्या गर्दीत मी पाय न टेकता रांगते. मामा बाजूला उभे राहून शिकवायचे, “निधान, निधान सोड.” कानडीतला हा शब्द आपल्याकडे मराठी माणूसही वापरतो. क्लचला मराठी शब्द काय, हा प्रश्न मंडळाच्या मागच्या बैठकीत निघाला होता. गॅरेजमध्ये त्याला क्लचच म्हणतात, पण तो कसा सोडायचा याला ‘निधान’पेक्षा चांगला शब्द मला मिळालेला नाही.

आणि हात दुखत नाही तेव्हा डोकं मोकळं राहतं. हे आधी कळत नाही. आधी वळणात गिअर पाडायचा कंटाळा यायचा, कारण परत क्लच ओढायला नको. मग चुकीच्या गिअरमध्ये वळण, मग मध्येच ब्रेक. आता पाडावासा वाटला की पाडते.

आता ‘मर्दाच्या गाडी’कडे येते. दिवाळीत मडगावचा आतेभाऊ त्याची इंटरसेप्टर 650 घेऊन आला होता. त्या गाडीचा जोर 47 बीएचपी, आमच्या 350 चा वीसच्या आसपास. दुपटीपेक्षा जास्त. मी क्लचला हात घातला तो जपून, आणि लिव्हर दोन बोटांत आली. आमच्या बदललेल्या क्लचपेक्षाही हलकी. तिच्यात 2018 पासून, म्हणजे पहिल्या दिवसापासून, असिस्ट आणि स्लिपर क्लच आहे. यामाहाच्या आर 15 ला तो त्याच वर्षी आला, आणि 2025 मध्ये हंटर 350 लाही. ज्यांना वाटतं की दणकट इंजिनाला जड क्लच हवाच, त्यांनी एकदा अशी लिव्हर ओढून बघावी.

त्यातली युक्ती मला फार आवडली. आतल्या दोन भागांना एकमेकांत बसणारे तिरके उतार असतात. इंजिन चाकाला ओढत असतं तेव्हा हे उतार प्लेटांना आणखी घट्ट आवळतात. म्हणजे पकडीचं काम एकट्या स्प्रिंगांवर राहत नाही, म्हणून त्या मऊ चालतात. मी दुकानातून आणलेला मऊपणा आणि हा मऊपणा यांत एवढाच फरक, आणि चढावर तोच सगळा फरक. उलट उतारावर घाईत दोन गिअर पाडले आणि क्लच एकदम सुटला, तर चाकच इंजिनाला ओढायला लागतं. साध्या गाडीत तेव्हा मागचं चाक थडथडतं किंवा घसरतं. पावसात चोर्ल्याच्या वळणावर ते घसरणं म्हणजे काय, ते एकदा झालंय त्याला विचारा. इथे तेच उतार प्लेटांना थोडं सैल करतात, धक्का प्लेटांत जिरतो, चाक फिरत राहतं. इंजिनाचा ब्रेक जात नाही, फक्त त्याचा झटका बोथट होतो.

आतेभावाची एक तक्रार मात्र खरी आहे. लिव्हर इतकी हलकी की सिग्नलला न्यूट्रल करायचा आळस येतो, गाडी गिअरमध्येच धरून ठेवली जाते, गर्दीत सारखं हाफ क्लच. जड क्लच तुम्हाला हात दुखवून शिस्त लावत होता. मीही दोन-चारदा स्वतःला त्यात पकडलंय. आणि ऑइलमध्ये काटकसर करून कारचं ऑइल ओतणाऱ्यांनो, काही कार ऑइलमध्ये इंजिन गुळगुळीत चालावं म्हणून जे घातलेलं असतं तेच बुडालेल्या प्लेटांना घसरवतं. डब्यावर जासो एमए किंवा एमए 2 लिहिलेलं बघून घ्या.

जड क्लचमध्ये ‘फील’ असतो, गाडी हातात जिवंत वाटते, असं म्हणणारे मला भेटतात. म्हणणारे सगळे विशीतले आणि दणकट पंजाचे. पप्पांना पंचवीस वर्षांचा फील होता, तो एका बोटापायी जिन्याखाली कव्हर घालून ठेवावा लागला. लिव्हर कमी जोरात ओढली जायला लागल्यावर ते एका रविवारी काही न बोलता गाडी घेऊन खानापूरपर्यंत जाऊन आले. माझ्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी आता माझ्याच गाडीवर ग्राउंडमध्ये शिकतायत. ही गाडी कोणी चालवायची हे इतकी वर्षं त्या स्प्रिंगा ठरवत होत्या, आणि आपण त्याला मर्दपणा म्हणत होतो.

माझी एक सूचना आहे. वार्षिक स्पोर्ट्समध्ये स्लो सायकल असतेच. यंदा स्लो बाइकही ठेवा. पन्नास पावलांचं अंतर, शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. फादरांची परवानगी मिळायला हरकत नसावी, कारण सगळ्यात सावकाश जाण्याचीच शर्यत आहे. सायलेन्सर कुठलाही चालेल. नावं जिमखान्याच्या नोटीस बोर्डवर लिहायची असतील, तर पहिलं माझं लिहा, आणि त्याच्या खाली पार्किंगमधल्या त्या मुलासाठी एक ओळ मोकळी ठेवा.