लढाई संपली, विष उरले

युद्धाचा हिशेब मांडताना आपण पडलेले सैनिक मोजतो, गेलेला मुलूख मोजतो आणि तह झाला की वही मिटतो. पण युद्धासाठी जे घडवले गेले ते तहाने नाहीसे होत नाही. ते कोठारात पडून राहते, नाही तर नाव बदलून बाजारात येते. ते हाताळण्याची पाळी शेवटी ज्याचा त्या युद्धाशी काडीचाही संबंध नव्हता, अशा रोजमजुरावर येते.

याचे उघडे रूप शेजारच्या वर्धा जिल्ह्याने पाहिले. पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ, सोनेगाव आबाजी येथे, २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण मरण पावले. त्यांत बहुतेक कंत्राटी मजूर होते. जी लढाई झालीच नाही, तिच्या कचऱ्याने घेतलेले हे बळी.

दुसरे रूप झाकलेले आहे. ते यवतमाळच्या पऱ्हाटीत ‘औषध’ या सोज्वळ नावाने वावरते. १९३६च्या डिसेंबरात जर्मनीतील गेरहार्ट श्राडर हा रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशक शोधत असता त्याच्या हाती ‘टाबुन’ लागले. १९३८ साली ‘सारिन’. किडीसाठी सुरू झालेले संशोधन लष्कराने उचलले. १९४४ साली त्याच संशोधनातून ‘पॅराथिऑन’ निघाले आणि महायुद्धानंतर ते जगभरच्या शेतांत पोचले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्याच कुळातली. मज्जातंतूंचा संदेश वेळीच थांबवणारे शरीरातले द्रव्य ही रसायने निकामी करतात. मारकपणा कमीअधिक, तऱ्हा एकच. म्हणून रणांगणावरच्या सैनिकाला आणि इस्पितळात आणलेल्या फवारणी मजुराला उतारा एकच द्यावा लागतो : अॅट्रोपिन.

२०१७च्या पावसाळ्यात हे कूळ यवतमाळने ओळखले. फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जण वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती. फवारा थेट तोंडावर येत होता. बोंडअळी बीटी बियाण्याला जुमानत नव्हती, म्हणून दोन-तीन औषधांची मिश्रणे मारली जात होती. सगळीच काही श्राडरच्या कुळातली नव्हती. काहींना तर नेमका उताराही नव्हता. नंतर चौकशी झाली, काही औषधांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात साठ दिवसांची बंदी आली आणि मजुराने हातमोजे, मुखवटा का घातला नाही, असे विचारले गेले. भर उकाड्यात, रोजंदारीवर, कोणी दिलेला मुखवटा?

इथे जगाचा न्याय पाहावा. रासायनिक अस्त्रांविरुद्ध १९९३ साली करार झाला. १९९७पासून तो अमलात आहे, त्याला तपासनीस आहेत. भारताने त्यावर सही करून आपला साठा नष्टही केला. सैनिकासाठी एवढा बंदोबस्त. त्याच कुळातल्या विषापुढे उभ्या असलेल्या मजुरासाठी काय, तर डब्याला चिकटवलेला बारीक अक्षरांचा कागद!

आणि डबा रिकामा झाला तरी प्रश्न सुटत नाही. तो बांधावर फेकला जातो, नाल्यात धुतला जातो, कधी घरातही शिरतो. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण घेऊन २३ मुले मरण पावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडले. केंद्राने त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला तो २०२३ साली. मधली दहा वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची?

साठ दिवसांच्या बंदीने हंगाम निभतो, माणूस वाचत नाही. सर्वांत जहाल औषधे बाजारातून कायमची काढावीत. रिकामा डबा परत घेण्याची सक्ती विकणाऱ्यावर असावी. फवारणीवर जाणाऱ्या मजुराची रक्ततपासणी तालुक्याच्या रुग्णालयात व्हावी. यातले काहीही अशक्य कोटीतले नाही. दारूगोळ्याची मुदत संपते हे लष्कराला कळते. या विषाची मुदत कधीच संपली, हे शेतीखात्याला कळायला आणखी किती हंगाम जावे लागणार आहेत?