संग्रहाचें मोल

संग्रहाची योग्यता त्याच्या किंमतीवरून ठरवावी, हा समज अलीकडे बळावत चालला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. अमेरिकेंतील बेसबॉल खेळाडूंच्या चित्रपत्त्यांचेंच उदाहरण घेऊं. हे पत्ते पूर्वीं सिगारेटच्या पाकिटांतून व पुढें च्युइंग गमबरोबर मिळत; मुलें त्यांची अदलाबदल करीत. मिकी मँटल याचा १९५२ सालचा एक पत्ता २०२२ सालीं १ कोटी २६ लक्ष डॉलरांस विकला गेला, हें ऐकून पुष्कळांचे डोळे दिपतात.

परंतु या छंदास शिस्त लावणारा जेफर्सन बर्डिक हा सिरॅक्यूज येथील कारखान्यांतला साधा कामगार होता. संधिवातानें तो जर्जर झाला होता. तरी त्यानें पत्त्यांचें वर्गीकरण करून १९३९ सालीं सूची छापिली, आणि आपलीं ३,००,००० हून अधिक छापील चित्रें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमास दान दिलीं. त्यांत बेसबॉलचे पत्तेच ३०,००० हून अधिक आहेत. तीं सारीं वह्यांत लावण्याचें काम त्यानें जानेवारी १९६३ मध्यें पुरें केलें, व दोनच महिन्यांनीं देह ठेविला.

किंमत वाढल्यामुळें जुने पत्ते जपले जातात, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तिजोरींत कोंडलेला पत्ता कोणास कांहीं शिकवीत नाहीं. म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाचा संग्रह पाहतांना ‘याचे किती मिळतील?’ असें न विचारतां ‘यांतून काय शिकलास, आणि कोणास दाखविलेंस?’ असें विचारावें.