चिखलदऱ्याची सहल : आधी हिशेब, मग दऱ्या



आपल्या घरांतून प्रवास होतो तो कारणापुरता. लग्न, दवाखाना, परीक्षा, नाहीतर दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी. नुसते डोंगर पाहायला जायचे म्हटले की घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, "पैसा वर आलाय का?" प्रश्न चुकीचा नाही. पण वर्षभर चूल, शेत आणि नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला दोन दिवस मोकळी हवा मिळावी, ही काही चैन नव्हे. गरज आहे ती नियोजनाची.

आपल्या हदगावकडून उमरखेड, यवतमाळ, अमरावती, परतवाडा या वाटेने चिखलदरा गाठता येते. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच आहे. काळ्या बेसाल्ट खडकाचे थर ओढ्या-नाल्यांनी लाखो वर्षे कापले आणि या खोल दऱ्या तयार झाल्या. पलीकडे मेळघाटचे जंगल. १९७३-७४ साली देशात जे पहिले व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतील हा एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्याच पोटात आहे.

बहुतेक लोक पावसाळ्यात जातात. तेव्हा धबधबे जोरात असतात हे खरे, पण धुके असे दाटते की कड्यावर उभे राहून समोर नुसता पांढरा पडदा दिसतो. फेब्रुवारीत उलटे. भीमकुंडाची धार बारीक झालेली असते, गवत वाळलेले असते. पण हवा स्वच्छ, पानगळ झालेली, त्यामुळे दरीचा तळ आणि खडकांचे थर नीट दिसतात. पळस फुललेला असतो. धबधब्याच्या ओढीने जाणाऱ्याने मात्र पावसाळाच धरावा, नाहीतर हिरमोड होईल.

तारीख ठरवताना आधी मुलांचे वेळापत्रक पाहावे. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, पाठोपाठ दहावीची. ज्या घरात असा विद्यार्थी आहे, त्या घराने यंदा थांबावे. पोराला अभ्यासाला ठेवून बाकीच्यांनी सहलीला जाणे बरे नव्हे.

आता खर्च. जीपगाडी भाड्याने ठरवण्यापूर्वी एस.टी.चा हिशेब करून पाहा. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत. समजा घरात नवरा-बायको, शहात्तर वर्षांची आजी, कॉलेजातील मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. नवऱ्याचे पूर्ण तिकीट, बायको, मुलगी आणि मुलगा यांचे अर्धे अर्धे, आजीचे काहीच नाही. माणसे पाच, तिकिटे अडीच. आजीचे आधार कार्ड तेवढे विसरू नका. एकूण रकमेचा दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी वेगळा बांधून ठेवावा आणि तो घरी परत आणायचाच, अशा बेताने खर्च करावा.

एका दिवसात घाट चढण्याचा हट्ट नको. अमरावती किंवा परतवाड्याला मुक्काम करून सकाळच्या उजेडात वर जावे. उंची वाढली की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते. परतवाड्याला पंखा लागला तरी रात्री वर स्वेटर लागतो. जगभर हाच नियम. अमेरिकेत ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ दोन हजार मीटरहून उंच आहे. तिथे मार्चमध्येही बर्फ पडतो आणि खाली नदीकाठी ऊन असते. म्हणून आजी आणि लहान मुलांसाठी शाल, कानटोपी, आणि दुपारसाठी पाणी व टोपी, दोन्ही न्यावे. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट अशा जागी कठड्याच्या पलीकडे पाय टाकू नये. फोटो पुन्हा काढता येतो. मेळघाटातील जंगल सफारीसाठी वनखात्याकडे आधी नोंदणी करावी. गेटवर ऐनवेळी जागा मिळेलच असे नाही.

एक सूचना विशेष. आपली मंडळी स्टोव्ह आणि तांदूळ घेऊन निघतात आणि झाडाखाली चूल मांडतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम. वाळक्या गवतावर पडलेली एक ठिणगी किंवा विडीचे थोटूक डोंगर पेटवू शकते. त्याच दिवसांत पुढे मोहफुले वेचून तिथल्या कुटुंबांची मिळकत होते. आपल्या खिचडीपायी त्यांची मिळकत जाळू नये. तयार भाकरी-चटणी न्यावी, नाहीतर तिथेच पैसे देऊन जेवावे. त्याने घरच्या बाईलाही दोन दिवस चुलीपासून सुटी मिळेल. सहल तिचीही आहे, हे नियोजनात लिहून ठेवावे.

मेळघाट हे कोरकू समाजाचे घर आहे. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता, आणि कुपोषणाचा प्रश्न आजही मिटलेला नाही. होळी हा कोरकूंचा मोठा सण. कामासाठी दूर गेलेली माणसे त्या दिवसांत गावी परततात, एस.टी. भरून जाते. तेव्हा आपण त्यांच्या जागा अडवू नयेत. कुणाच्या झोपडीत डोकावून न विचारता फोटो काढू नये. आपल्या वस्तीत बाहेरचा माणूस येऊन आपल्याकडे कसा पाहतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दुकानदाराला घासाघीस न करता दाम द्यावे, मुलांनी दोन शब्द बोलावे, ओळख करून घ्यावी.

परतताना अमरावतीआधी वलगाव लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच आठवड्यांनी, गाडगेबाबांनी याच गावाजवळ देह ठेवला. त्यांचा खराटा साऱ्यांना ठाऊक आहे. तेव्हा बिस्किटांची वेष्टने आणि पाण्याच्या बाटल्या दरीत न टाकता एका पिशवीत भरून खाली आणाव्यात. ही पिशवी सामानाच्या यादीत पहिली लिहा, शाली नंतर.

जयभीम!